कमळ्याचा चहा

मी जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. तसा माझ्या कुठल्याच गोष्टीवर कधी कुणाचा बसलेला नाही, आणि त्यावरच माझं पोट चाललं. पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवारी येणारी मंडळी खऱ्या गोष्टीसाठी कटिंगसुद्धा पाजत नाहीत. माझ्या राणी घोडीने माथेरानच्या छोट्या गाडीशी शर्यत लावली आणि शेवटच्या वळणावर इंजिनाची दया येऊन तीच थांबली, हे लोक मान डोलावत ऐकतात. माकडाने एका साहेबाचा चष्मा पळवला आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, वर 'नंबर बदलून घ्या' म्हणालं, हेही ऐकतात. पण हे ऐकणार नाहीत. मी, मोरू घोडेवाला, वय विचारू नका, विचारलंत तर वाढवून सांगेन, एक अख्खी सकाळ खरं बोललो. सलग. डॉक्टरीणबाईंच्या समोर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. माझा मुलगा विलास शेजारी होता, सून प्रिया होती, त्यांना विचारा. नको, त्यांना नका विचारू. प्रिया आताशा माझ्याबद्दल काही विचारलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसते.

सुरुवात एका घासापासून झाली. वालाची आमटी कालवलेला भात, वर चिमूटभर सुकट. मी आधी एक घास स्वतः खाल्ला, गिळला, तोंड उघडून जिजाला दाखवलं, मग दुसरा तिच्या ओठांशी नेला. आणि ओठ मिटले. एवढंच. रडणं नाही, ताट फेकणं नाही. खालच्या ओठाला भाताचं एक शीत चिकटलं आणि ती ते पुसायलाही तयार नव्हती, कारण पुसायचं म्हणजे हात लावायचा, आणि हात लावायचा म्हणजे काय कुणास ठाऊक. माझा हात तसाच हवेत राहिला. बोटांतून आमटी मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, कोमट, आणि मला राणीची आठवण झाली. नवी होती तेव्हा लगाम तोंडात घेईना; दात असे मिटायची की वाटावं जबडा एकसंध हाडाचा आहे. तेव्हा माझा बाप म्हणाला होता, जनावर रागाने तोंड मिटत नाही रं, भ्यालं की मिटतं. जिजा माझी नात. तेरावं वर्ष सरलं होतं तिचं. आईच्या हातचं ती दिवाळीपासून खात नव्हती, बापाच्या हातचं त्याआधीपासून. माझ्या हातचं मात्र खायची, रोज, न चुकता, आणि घरात जो काही थोडा धीर उरला होता तो माझ्या या पाच बोटांवर उभा होता. प्रिया चुलीपाशी बसून आमच्याकडे बघत होती.  तिने तवा उतरवला.

आता कमळ्या सांगायला हवा, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कमळ्या धरणाच्या तळाशी राहतो. इंग्रजांच्या वेळी आगगाडीच्या इंजिनाला पाणी पाजायला हे धरण बांधलं, तेव्हा एका साहेबाची टोपी उडून पाण्यात पडली आणि ती काढायला कमळ्या घोड्यासकट आत गेला. आत गेला आणि त्याला तिथं आवडलं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, भाडं नाही, बायकोची कटकट नाही. पाण्यावर बुडबुडे दिसतात ते त्याच्या भाताच्या पातेल्याचे. जिजा लहान असताना भात खाईना म्हणून मी तिला हे सांगायचो: बघ, कमळ्याचा भात शिजला, आता तो आपल्याआधी खाऊन टाकणार. आणि ती भराभर खायची. पुढे तो पाहुण्यांना आवडायला लागला. हिरूच्या टपरीवर मी बसलो की दोन चहा सांगायचो, एक मला आणि एक त्याला. त्याचा ग्लास धरणाच्या कठड्यावर ठेवायचो. मंडळी हसायची, फोटो काढायची, एखादी मुंबईची बाई विचारायची, "आजोबा, तो पितो का हो?" मी म्हणायचो, "साखर कमी आसली तर नाय पीत." लोक मला विचारतात, तुम्ही हे सगळं बनवता कसं? मी बनवत नाही. बसलं की येतं. थोडा घोगरा आवाज, खोकल्याच्या आधी येतो तसा, उजव्या कानाच्या मागून. मी फक्त पुढे सरकवतो. कसबी माणसाला असंच होत असणार, लोहाराला विचारा.

म्हणून जिजा जेव्हा पहिल्यांदा म्हणाली की कमळ्या तिच्याशी बोलतो, तेव्हा मला काय वाटलं असेल? मी तिला उचलून घेतलं. सातवीतली घोडी, पाय जमिनीला लागत होते, तरी उचललं. पोरगी माझ्यावर गेली! विलास माझ्यावर गेला नाही, तो भाजीचा टेंपो चालवतो आणि विचारलं त्याहून एक शब्द जास्त बोलत नाही. मी जिजाला हिरूच्या टपरीवर नेलं, बाकावर उभं केलं. "सांग गं, काय म्हंतो तो?" तिने सांगितलं. कमळ्या म्हणतो, शाळेतल्या पंख्यातून सगळ्यांना माझं मन ऐकू जातं. कमळ्या म्हणतो, पाण्याच्या टाकीवर बसलेले कावळे मोजू नकोस, मोजलेस की ते तुला मोजतील. लोक हसले. हिरू म्हणाला, "आबा, नातीनं तुमची टोपी उडवली बगा!" आणि एकाने तिला चॉकलेट दिलं. मी तिच्याकडे पाहत होतो, उस्ताद जसा पट्ठ्याकडे पाहतो; कुठे थांबते, कुठे आवाज खाली आणते. ती कुठेच थांबत नव्हती. गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, ती बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती, आणि लोक हसले की दचकून माझ्याकडे वळायची. एकदा हळूच म्हणाली, "आबा, ही हसत्यात का रं?" मी म्हटलं, "आवडलं म्हणून." तिने चॉकलेट तसंच मुठीत धरून ठेवलं. घरी येईपर्यंत ते वितळून बोटांतून बाहेर आलं होतं.

असे कितीतरी रविवार गेले. मग तिची वेणी घालायची राहिली, मग शाळा राहिली, मग ती खिडकीला उशी लावून बसायला लागली. एक दिवस जिजा म्हणाली, कमळ्या म्हणतो, आई भातात काहीतरी घालते. हे ऐकल्यावर मला आधी भीती नाही वाटली, राग आला. माझा कमळ्या असं बोलत नाही! माझा कमळ्या खुळा आहे, आळशी आहे, चहाला साखर जास्त मागतो, टोपी उलटी घालतो. पण प्रियाने चाळीस घरांना भाजी पोचवून आणलेल्या तांदळात विष आहे असं तो म्हणायचा नाही. कुणीतरी माझ्या माणसाच्या तोंडात भलतेच शब्द घालत होतं. आणि गोष्ट माझी होती ना? मग ती संपवायचीही मीच. मी जिजाला धरणावर घेऊन गेलो. आठवड्याचा मधला दिवस, टपरी बंद, पाणी उतरून कडेच्या चिखलाला भेगा पडलेल्या. तिथं बसून मी कमळ्याचं मरण सांगितलं. तसं मी आयुष्यात काही सांगितलं नसेल. तळाला गाळ साठला, भाताचं पातेलं बुजलं, कमळ्याला धाप लागली, त्याच्या घोड्याने त्याला पाठीवर घेतलं आणि धुक्यातून माथेरानच्या डोंगरावर नेलं, तिथं सगळे घोडे माना खाली घालून उभे.  जिजा ऐकत होती. वारा नव्हता, आणि तरी माझ्या कानामागे गार लागत होतं. शेवटी मी म्हटलं, "गेला बग तो. आता कोण नाय बोलायचं." ती उठली. माझा हात धरून मुकाट घरी आली. आणि दुसऱ्या दिवशी तो घास.

ओठावरचं शीत तसंच ठेवून ती म्हणाली, "कमळ्या म्हंतो, आबा मला मारायला आलेला. म्हंतो, आता त्याच्या हातचं बी खाऊ नको."

त्यानंतर ती फक्त पाणी प्यायची, तेही स्वतः हापशावर जाऊन, ओंजळीने. मनगटं अशी झाली की बांगडी कोपरापर्यंत चढायची. मग धावाधाव. कर्जतच्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं, तिने ते घेतलं नाही. कुणी धुपारा सांगितला, कुणी उतारा. प्रियाच्या माहेरच्यांनी लिंबं आणली. मग शाळेतल्या बाईंनी विलासला बाजूला घेऊन मनाच्या डॉक्टरचं सांगितलं, आणि विलासने पहिल्यांदा टेंपोची खेप बुडवली. तो डॉक्टर भला माणूस. म्हणाला, मी मोठ्या माणसांचा डॉक्टर आहे, एवढ्या लहान पोरीला हा आजार क्वचित होतो, हिला मुलांचा डॉक्टर हवा, आणि नुसता डॉक्टर नाही, राहायची सोय हवी, ती खातच नाहीये. मोठ्या शहरातल्या इस्पितळात गेलो तर तिथं खाटा मोठ्यांच्या. आत एक बाप्या गजाला धरून ओरडत होता आणि जिजाने माझ्या सदऱ्यात तोंड खुपसलं. माझ्या हातचं खात नव्हती, पण तोंड खुपसायला सदरा माझाच लागला, हे मी तेव्हा मनात ठेवून दिलं. तिथल्याच एका नर्सने सांगितलं, एवढ्या लांब कशाला आलात? तुमच्याच तिकडे, खालापूरच्या पुढे, लहान मुलांचं एक सुरू झालंय, आई सोबत राहू शकते. आम्ही दोन शहरं पालथी घातली होती आणि ते आमच्या डोंगराच्या मागल्या अंगाला होतं.

निघायच्या सकाळी जिजा टेंपोत बसेना. प्रिया काकुळतीला येऊन म्हणाली, "माथेरानला जातोय गं बाय, घोडे बगायला." जिजाने माझ्याकडे पाहिलं. आणि हेच मी म्हणत होतो, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही: माझ्या जिभेवर माथेरान आलेलं होतं, पुढचे घोडेसुद्धा तयार होते, आणि मी म्हटलं, "नाय. दवाखान्यात नेतोय तुला. तितं ठेवून घेतील." प्रियाने कपाळावर हात मारला. जिजा स्वतःच पायरीवर पाय देऊन वर चढली. पुढे तिघं बसली. मी मागे हौद्यात, रिकाम्या क्रेटच्या मध्ये. टोमॅटोचा आंबूस वास, कोथिंबिरीच्या काड्या, आणि केबिनच्या मागच्या जाळीतून दिसणारी तिची मान, तिच्यावर उलटी पडलेली वेणी. खोपोलीच्या शिळफाट्याला गाडी अडकली. सगळीकडे हॉर्न, वडापावच्या गाडीवर तेलाचा धूर, आणि त्या गोंगाटात ती कुणाला तरी हळू आवाजात म्हणाली, "गप. आबा ऐकतोय." ते मला नव्हतं. माझ्यापासून लपवून होतं. घोड्याची लाथ खाल्ली आहे मी, छातीवर. ती बरी होती.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीसारख्या, मला मुलगी असती तर. साधा पंजाबी ड्रेस, पायात रबरी चपला. त्यांनी जिजाला आत बसवलं आणि आम्हाला एकेक विचारायला लागल्या. हे कधीपासून? विलास म्हणाला, परीक्षेपासून. प्रिया म्हणाली, तापानंतर. दोघंही मनापासून म्हणत होते, आणि दोघंही चुकत होते, कारण मला ठाऊक होतं ना. मी सांगितलं. टपरी सांगितली, बाक सांगितला, पंखा आणि कावळे सांगितले, लोक हसले ते सांगितलं, चॉकलेट सांगितलं, धरणावरचं मरण सांगितलं. न रंगवता. एकही घोडा मध्ये आणला नाही. शब्द कोरड्या भाकरीसारखे घशाला लागत होते. शेवटी मी विचारलं, "बाय, माझ्या गोष्टीनं झालं का हे?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही आबा. हा आजार गोष्टीने होत नाही. तो येतो आणि घरात जे सापडेल ते अंगावर घालतो. तुमच्या घरात कमळ्या सापडला. दुसऱ्या घरात देव सापडतो, पोलीस सापडतो." मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही, वाईट का, ते तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही? आवाज ऐकू येणं, कुणीतरी बोलतंय असं वाटणं? विलास म्हणाला नाही. प्रिया म्हणाली, आमच्याकडे असलं काय नाय. मीही मान हलवली. उन्हं खिडकीतून फरशीवर आली होती. बाईंनी पुढे शिकवलं: कमळ्या नाहीच असं भांडू नका, आणि आहे असं म्हणूही नका. म्हणायचं, मला तो ऐकू येत नाही, पण तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. मी ते पाठ केलं. इतकं साधं वाक्य मी आयुष्यात पाठ केलं नव्हतं.

प्रिया तिथं राहिली. मी एक दिवसाआड डबा घेऊन जायचो. वॉर्डच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो, पण पाठमोरा. जन्मभर ज्याचं तोंड पाहिलं त्याची पाठ ओळखीची वाटत नाही. कुठला कडा कुठला, काही लागत नव्हतं. जिजाला नळीतून खाऊ घालत होते, मग चमच्याने पेज. औषधाने तिचा चेहरा सुजल्यासारखा झाला, जीभ जड, हात थरथरायचे. ती पूर्वीपेक्षा कमी घाबरायची आणि पूर्वीपेक्षा कमी जिजा होती. मी शेजारी बसून म्हणायचो, "मला तो ऐकू येत नाय गं. पन तुला भ्या वाटतंय, ते दिसतंय." ती माझ्याकडे बघायची. फार वेळ बघायची. माझ्या तोंडाकडे, मग कानाकडे. पलीकडच्या खाटेवर साईराज नावाचा एक मुलगा भिंतीशी तोंड करून झोपलेला असायचा, त्याची आजी मला म्हणाली, "तुमी लई शांत मानूस हाव." कुणीही मला असं म्हटलेलं नव्हतं. परत येताना मी धरणावर उतरलो. हिरूने सवयीने दोन ग्लास मांडले. म्हटलं, "एकच दे." तो म्हणाला, "का वो आबा, पाव्हना रुसला?" मी एकच चहा घेऊन कठड्यावर बसलो.  चहा निवत गेला. मागून कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, हिरू असेल. हिरू आत स्टोव्हला पंप मारत होता. त्याचा आवाज मला वेगळा, स्वच्छ ऐकू येत होता. मी मागे वळलो नाही. चहा अर्धा टाकून रस्त्याला लागलो, आणि चालताना मला पहिल्यांदा माझ्या उजव्या कानावर हात ठेवावासा वाटला. ठेवलाही. लोक काय, म्हातारा आहे, थंडी वाजत असेल म्हणतात.

काल बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. जिजाच्या खाटेपाशीच खुर्च्या मांडल्या, म्हणाल्या, तिच्या मागे काही बोलायचं नाही, तिच्यासमोरच बोलू. जिजा उशीला टेकून बसलेली, पुढ्यात पेजेची वाटी, चमचा तिच्या स्वतःच्या हातात, पण वाटीतच. बाई म्हणाल्या, पहिल्या औषधाने भीती उतरली, पण आवाज म्हणावे तितके गेलेले नाहीत. औषध बदलावं लागेल, कुठलं द्यायचं ते ठरवायचंय. "म्हणून पुन्हा विचारते. नीट आठवून सांगा. घरात रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास असेल, अगदी थोडासासुद्धा, तर मला उपचार ठरवायला मदत होते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही." विलास जमिनीकडे बघत राहिला. प्रियाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि माझ्याकडे बघितलं. बाईही माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी खरं बोललेला मीच एकटा ना. आणि मला काय काय आठवलं! माथेरानच्या तबेल्यातली थंडी, माझी बायको सोनाबाई गेली त्या वर्षीचं रिकामं घर, आणि त्या घरात मला एकटं पडू न देणारा तो घोगरा आवाज, माझ्याकडून गोष्टी वदवून घेणारा, माझ्यावर कधी न रागावलेला. हो म्हटलं तर हे माझ्या नातीला माझ्याजवळ बसू देतील का? प्रिया देईल? आणि मलाही ती जीभ जड करणारी गोळी दिली, तर पाण्याच्या तळाशी कोण राहील? खिडकीत पाठमोरा डोंगर उभा होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, अगदी त्या दिवशीसारखे, आणि शांत माणसाच्या आवाजात म्हणालो, "नाय बाय. आमच्या घरात असं कुनाला बी नाय. मला तर तो कधीच ऐकू आला नाय."

वाटीत चमचा वाजला. जिजाने तो बाहेर काढून ताटलीत ठेवला होता. जड जिभेने, एकेक शब्द उचलून मांडावा तसं, पण थेट माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली,

"खोटं बोलतोस आबा. कमळ्या आधी तुझ्याशीच बोलायचा. दुसरा चहा त्याचाच हुता."